अडतिसाव्या नंबरची शाळा

शहरातल्या सरकारी हायस्कुलांची क्रमवारी पेपरात छापून आली, त्या सकाळी डोकं फिरलं ते बाईंच्या मिस्टरांचं. बाईंचं नव्हे. एकेचाळीस शाळांमध्ये बाईंच्या शाळेचा नंबर अडतिसावा लागला होता, आणि त्या शाळेत बाई इतकी वर्षं गणित शिकवत होत्या. तरी त्यांनी पेपरावर एक नजर टाकली, "काल होती तीच शाळा आहे," एवढंच म्हणाल्या आणि डबा भरायला आत गेल्या.

मिस्टरांना स्वतःचं नाव होतं, पण वस्तीत ते कोणाला ठाऊक नव्हतं. अर्ध्या वस्तीला बाईंनी अपूर्णांक शिकवले होते, उरलेल्या अर्ध्या वस्तीच्या मुलांना शिकवत होत्या. त्यामुळे दूधवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांचे ते 'बाईंचे मिस्टर'. लग्नानंतर काही वर्षं हे त्यांना टोचायचं. पुढे दुकानात रांगेत पुढे जागा मिळायला लागली तसं टोचायचं कमी झालं. नोकरी पाणीपुरवठा खात्यात. ज्या घरांचे मीटर बंद पडलेत त्यांच्या बिलाची सरासरी काढणं हे त्यांचं काम. हे काम दिसतं तितकं सोपं नसतं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते ऐकून घेणारं माणूस मात्र अजून मिळालं नव्हतं.

चहा संपायच्या आत वरच्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेब उतरून आले. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण चेहरा अजून कर्ज नाकारणाऱ्या माणसाचा होता. ते समाचाराला आल्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले. बाईंना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं, म्हणाले. मग त्यांचा नातू ज्या शाळेत जातो तिचा नंबर तिसरा आलाय हे त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. जाताना, शाळा वाईट नसते हो, वस्ती वाईट असते, असं एक वाक्य टाकून गेले. आपणही याच वस्तीत राहतो हे त्यांच्या बहुधा जिन्यात लक्षात आलं असावं, कारण दोन पायऱ्या चढून ते क्षणभर थांबले होते.

त्यानंतर मेहुण्याचा फोन. बाईंच्या या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी पहिल्या नंबरच्या शाळेच्या भिंतीला लागून घर घेतलं होतं आणि तेव्हापासून तो शाळेबद्दल 'आमची' असं बोलायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. बाईंची लेक ठकू, तिचं यंदा हायस्कूल सुरू होणार होतं. तिला आमच्याकडे राहायला पाठवा, पत्ता आमचा लावू, प्रवेश पक्का, असा त्याचा प्रस्ताव होता. "भाऊजी, पोरीच्या भविष्याचा प्रश्न आहे," तो म्हणाला, आणि अडतीस हा आकडा त्याने असा उच्चारला, की जणू कोणाच्या अंगातला तापच सांगतोय.

ठकू शेजारच्या खोलीत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

मिस्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बायकोचा अपमान तिने स्वतः मनावर घेतला नाही, की तो घेण्याची जबाबदारी नवऱ्यावर येते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि क्रमवारीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली पद्धत वाचायला घेतली. ती वाचणारे शहरात ते एकटेच असावेत.

पद्धत अशी होती. शंभर गुणांपैकी चाळीस परीक्षेच्या निकालाला. पंचवीस, किती मुलं वरच्या पातळीचे कठीण पेपर देतात त्याला. पंधरा हजेरीला, दहा एका शिक्षकामागे किती मुलं त्याला, आणि शेवटचे दहा पालकांच्या समाधानाला. बाईंच्या शाळेचा निकाल मधला होता, हजेरी चांगली होती. पण समाधानाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. आणि अगदी तळाशी, एका फुलीच्या आधाराने, लिहिलं होतं: पुरेसे अर्ज न आल्यास शून्य धरले आहे.

मिस्टर खुर्चीतून उठले. हा त्यांचा प्रांत होता. मीटर बंद असला म्हणून त्या घराने पाणीच प्यायलं नाही असं कोणी म्हणत नाही. सरासरी लावतात. रेघ म्हणजे माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणजे शून्य नव्हे, हे त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बाईंना सांगितलं. बाईंनी त्यांच्या हातात डबा दिला आणि उशीर होतोय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते शिक्षण खात्यात गेले. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने सांगितलं की क्रमवारी पेपरवाल्यांची, खात्याचा काही संबंध नाही. पेपरच्या कचेरीत सांगितलं की आकडे खात्याचे, आम्ही फक्त बेरीज केली. मिस्टर पुन्हा खात्यात आले, तेव्हा खिडकी जेवायला गेली होती. शेवटी दुसऱ्या मजल्यावर, फायलींच्या दोन ढिगांमध्ये, त्यांना एक सज्जन कारकून सापडला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मीटरची उपमा त्याला आवडली. त्याच्याही घरचा मीटर बंद होता, आणि सरासरी फार जास्त लावलीय अशी त्याची तक्रार होती. ती टिपून घेण्यात थोडा वेळ गेला. मग त्याने सांगितलं की पेपरात आली ती कच्ची यादी आहे, पक्की यादी खातं महिनाअखेरीला लावतं. पालकांचे अर्ज तोवर आणून द्या, रेघेच्या जागी आकडा येईल. त्याने अर्जाचा एक नमुनाही दिला.

एवढ्यावर मिस्टर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण न्याय आपल्यापुरता मागायचा नसतो असं त्यांना घरी येताना वाटलं. त्यांनी पेपराला पत्र लिहिलं. विषय: रेघ आणि शून्य. पत्र छापून आलं. खाली त्यांचं पूर्ण नाव होतं, आणि वस्तीत दिवसभर चर्चा होती की हा गृहस्थ कोण. संध्याकाळी मॅनेजरसाहेबच म्हणाले, "पत्र वाचलंत का? तुमच्याच मनातलं लिहिलंय कोणीतरी."

मग अर्ज गोळा करण्याची मोहीम. मिस्टरांनी नमुन्याच्या भरपूर प्रती काढून घेतल्या आणि कचेरी सुटली की घरोघर फिरायला लागले. बाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. नंबर वर गेला की एकदमच सांगायचं असं ठरवलं होतं. बाईंना ते कुठे जातात याची शंका आली नाही असं नव्हे. वजन कमी करायला फिरायला जातात असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि बरं वाटून घेतलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. बेकरीवाल्या मावशींचं म्हणणं, अर्जाबरोबर मुलाचा फोटो लावावा, वजन पडतं. गॅरेजवाल्याने विचारलं की समाधान म्हणजे सध्याचं सांगायचं की एकूण आयुष्यातलं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मिस्टरांना बसवून घेतलं आणि त्यांच्या मुलीचं गणित कसं सुधारलं ते सांगता सांगता त्यांच्या सदऱ्याचं निघालेलं बटण लावून दिलं. काहींच्या तक्रारीही होत्या. शाळेतला एक नळ गळतो. मधल्या सुट्टीची घंटा मागच्या वर्गात ऐकू येत नाही. गणिताच्या बाई गृहपाठ फार देतात. ही शेवटची तक्रार मिस्टरांनी मान डोलावून, अगदी त्रयस्थासारखी, ऐकून घेतली.

अर्जातला प्रश्न सोपा होता: शाळेबद्दलचे आपले समाधान एक ते पाच यांपैकी एका अंकात लिहा. लोक आकडा लिहायला लागले की मिस्टर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत. समाधान ही खाजगी गोष्ट आहे, त्यात डोकवायचं नाही, हे त्यांचं तत्त्व. भरलेला अर्ज घडी घालून पाकिटात, पाकीट बंद. पक्की यादी लागायच्या आधी त्यांनी ते सगळं बाड कारकुनाच्या टेबलावर नेऊन ठेवलं तेव्हा त्यांची छाती अशी फुगली होती की नवीन बटण तुटायचंच बाकी होतं.

"बरं झालं आणलेत," कारकून म्हणाला. "यंदा शेवटच्या तीन शाळांचा विचार होणार आहे ना. दुसऱ्या शाळेत मिसळून टाकायच्या. तुमची काठावर होती."

हे मिस्टरांना नवीन होतं. पण आता काळजी कसली, असं म्हणून ते घरी आले.

पक्की यादी लागली. बाईंची शाळा एकेचाळिसावी.

मिस्टरांनी यादी उलटी वाचून पाहिली. मग खात्यात धावले. कारकुनाने फाईल काढली, आणि त्याचाही चेहरा पडला. कच्च्या यादीत खाली ज्या तीन शाळा होत्या त्यांच्याही समाधानाला रेघच होती. त्यांच्या मुख्याध्यापकांनी पेपरातलं ते पत्र वाचलं, चटकन अर्ज भरून घेतले आणि तिघीही वर सरकल्या. क्रमवारीत कोणी नुसतं वर जात नाही, कोणाच्या तरी डोक्यावर पाय देऊनच जातं. पत्र फार मुद्देसूद होतं, कारकून म्हणाला. खात्यातही सगळ्यांना आवडलं.

"पण आमचे अर्ज?" मिस्टरांनी विचारलं. "त्या अर्जांचं काय झालं?"

 कारकुनाने बाड पुढे केलं. पहिल्या अर्जावर एक. दुसऱ्यावर एक. बेकरीवाल्या मावशींनी एक लिहून त्याला गोल केला होता. गॅरेजवाल्याने एकाखाली दोन रेघा मारल्या होत्या. सगळ्या वस्तीने झाडून एक दिला होता, आणि एक म्हणजे सगळ्यात कमी.

मिस्टर घरी कसे आले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. ज्यांनी चहा पाजला, ज्यांनी बटण लावलं, त्या लोकांच्या मनात एवढं विष असेल? वाटेत बेकरीवरून जाताना मावशींनी हात केला, तर त्यांनी मान वळवली. लबाडी किती सफाईने करतात लोक, असं त्यांना वाटलं, आणि त्याहून वाईट हे वाटलं, की आता हे बाईंना सांगायचं.

बाईंना कळलेलं होतं. शिक्षकांच्या खोलीत दिवसभर दुसरा विषयच नव्हता. त्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. मिस्टर समोर बसले आणि त्यांनीही एक शेंग घेतली. मग सगळं सांगितलं. पत्र, अर्ज, पाकिटं, सगळं. आकडे मात्र शेंगेकडे बघत सांगितले.

 शाळा मिसळून टाकली की बाईंची बदली होणार, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो विचार दोघांच्याही मनात होता. बाई म्हणाल्या, "अहो, मला एकदा विचारायचंत तरी."

"तुला बरं वाटावं म्हणून केलं."

"मला वाईट कुठे वाटलं होतं?"

 मिस्टरांनी मटार सोलले. त्यांनी सोललेले अर्धे दाणे टरफलांत गेले होते. बाईंनी ते निमूटपणे वेचून घेतले.

चौकशी समिती आली तेव्हा शाळेचं सभागृह पालकांनी भरून गेलं होतं. बाई भिंतीशी इतर शिक्षकांबरोबर उभ्या. ठकूही आली होती. ती मागे मोठ्या मुलींच्या घोळक्यात शिरली ती दिसेनाशीच झाली. मिस्टर शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड. समितीत तिघं होते. मधल्या खुर्चीवरच्या अधिकारी मॅडम वयाने मोठ्या, आवाजाने शांत. हेडसरांनी गळत्या नळाबद्दल आधीच माफी मागून टाकली, कोणी विचारलेलं नसताना.

मॅडमनी अर्जांचं बाड वर धरलं. म्हणाल्या की खात्याच्या इतक्या वर्षांच्या कारभारात एखाद्या शाळेवर पालक इतके एकमताने नाराज असल्याचं त्यांनी पाहिलेलं नाही. निकाल मधला, हजेरी उत्तम, आणि तरी ही नाराजी. तर कोणीही न घाबरता सांगावं, तक्रार काय आहे.

 लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग गॅरेजवाला उठला.

"तक्रार कसली, मॅडम?"

"तुम्ही अर्जात एक लिहिलंय."

"मग काय लिहायचं?" त्याला खरंच कळेना. "शाळा एक नंबर आहे. दोन कशाला लिहू?"

एकदम सगळे बोलायला लागले. बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, आपण तर गोलसुद्धा केला. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, आधी मी दोन लिहिणार होते, नळाचा राग होता, पण म्हटलं जाऊ दे, मुलगी गणितात पास झाली, देऊन टाकू पहिला नंबर. मॅडमनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यांनी एक अर्ज नीट पाहिला. मग उलटा केला. मागे कोरा कागद.

"पाच म्हणजे पूर्ण समाधान, अशी सूचना मागच्या बाजूला असते," त्या हळू म्हणाल्या. "याला मागची बाजूच नाही. या प्रती कोणी काढल्या?"

खांब चांगला जाड होता. मिस्टरांना त्याच्या आड आणखी वर्षभर बसता आलं असतं. पण त्यांना भिंतीशी उभ्या असलेल्या बाई दिसत होत्या, आणि बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. मुद्दाम बघत नव्हत्या, नवऱ्याला कोणी ओळखू नये म्हणून. ते उठले.

"मी काढल्या," ते म्हणाले. "पैसे वाचावेत म्हणून एकाच बाजूने. मूळ अर्ज उलटून पाहिला नाही. यात या लोकांची काही चूक नाही, आणि शाळेची तर नाहीच. पाणीपुरवठ्यात आहे मी. पत्रही माझंच होतं."

"रेघ आणि शून्य?" मॅडमनी विचारलं.

"हो."

मॅडमनी खाली बघून बराच वेळ काहीतरी लिहिलं. त्यांचे खांदे हलत होते असं पुढच्या रांगेतल्या लोकांचं म्हणणं आहे. मग त्यांनी सांगितलं की लागलेली यादी बदलता येत नाही, शाळा या वर्षी एकेचाळिसावीच राहील. पण मिसळायची की नाही ते समिती ठरवते, आणि स्वतःच्या तोंडाने शाळेला पहिला नंबर देणारे इतके लोक असताना ती मिसळायचं काही कारण समितीला दिसत नाही. हेडसरांनी आनंदाच्या भरात पुन्हा एकदा नळाची माफी मागितली.

फाटकापाशी मिस्टरांना गाठायला गर्दी झाली. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी पुढच्या वेळी दोन्ही बाजूंनी काढा म्हणालं. मावशींनी मात्र परवा मान का फिरवलीत ते सरळ विचारलं, आणि मिस्टरांना त्यांची तिथल्या तिथे माफी मागावी लागली. बाई बाहेर आल्या आणि त्यांच्याबरोबर चालायला लागल्या. कोपऱ्यावर वळल्यावर, वस्तीतलं कोणी दिसत नाही असं बघून, त्यांनी मिस्टरांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली.

"उभे राहिलात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पाय लटपटत होते तुमचे."

"दिसलं का?"

"मला दिसलं."

घरी येईपर्यंत मेहुण्याचा फोन येऊन गेला होता. त्याला पुन्हा फोन लावण्याआधी, कोणाच्या तरी डोक्यात एकदाचं आलं आणि ठकूला विचारण्यात आलं, की तुला जायचंय तरी कुठे.

ठकूचं ठरलेलं होतं. मामाच्या घरी ती राहणार नव्हती, कारण मामा जेवताना बातम्या लावतो. ती आईच्याच शाळेत जाणार होती. तिथल्या मुली छान आहेत, मागच्या मैदानाला उतार आहे, आणि प्रयोगशाळेत एक खरा सांगाडा आहे ज्याला मुलींनी नाव ठेवलंय. मिस्टरांना भरून आलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनीही डोळे टिपल्यासारखं केलं.

"फक्त एक आहे," ठकू म्हणाली. "मला आईच्या तुकडीत नको. गणिताला त्या दुसऱ्या बाई हव्यात. त्या जास्त छान समजावून सांगतात."

 बाईंनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. शाळेचा नंबर अडतिसावा आला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. एकेचाळिसावा आला तेव्हा त्या मटार सोलत होत्या. आता त्या खुर्ची ओढून लेकीसमोर बसल्या.

"असं कोण म्हणतं?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे किती?" बाई म्हणाल्या. "कोणाकोणाला विचारलंस तू? आणि काय विचारलंस, नीट शब्दन् शब्द सांग मला."

मिस्टरांनी हळूच चपला घातल्या आणि मेहुण्याला फोन करायचं निमित्त करून गॅलरीत गेले.